इतरांची माहिती सांभाळण्याचं करिअर

बारावीनंतर ‘डेटा’चं क्षेत्र म्हटलं की बहुतेक घरांत फक्त प्रोग्रामिंगचा विचार होतो. पण लोकांची माहिती गोळा करणाऱ्या प्रत्येक बँकेला, रुग्णालयाला आणि अ‍ॅप कंपनीला ती कायद्यानुसार जपणारी माणसंही लागतात. कायदा, संगणक आणि वाणिज्य या तिन्ही शाखांतून या कामाकडे जाता येतं.

कायदा काय सांगतो?

खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २०१७ मध्ये दिला. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये आला, तर त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये. संस्थांच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू होण्यासाठी नियमांत १८ महिन्यांची मुदत आहे.

माहिती कशासाठी हवी, हे संस्थेने स्पष्ट सांगायचं. संमती देणं जितकं सोपं, तितकंच ती मागे घेणंही सोपं ठेवायचं. काही अपवाद वगळता, १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती घ्यायची. माहिती फुटल्यास संबंधितांना विनाविलंब कळवायचं आणि डेटा संरक्षण मंडळाला ७२ तासांत तपशील द्यायचा. सुरक्षेत हयगय झाली, तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

रोजचं काम

कोणती माहिती कुठे साठते, कोणाच्या हाती जाते आणि कधी पुसायची, याची नोंद ठेवणं हा या कामाचा पाया. त्यावर संमतीच्या सूचना लिहिणं, बाहेरच्या पुरवठादारांचे करार तपासणं, तक्रारी सोडवणं ही कामं येतात. सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या भाषांत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला द्यावाच लागतो. त्यामुळे कायद्याची गोष्ट सोप्या, नेमक्या मराठीत मांडता येणं हे इथे कामाचं कौशल्य आहे.

वाट कशी निवडाल?

वाचन-लेखनाची आवड असेल, तर बारावीनंतरचा पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम घ्या. तंत्रज्ञानात रस असेल, तर संगणक अभियांत्रिकी, बीसीए किंवा बीएस्सी आयटी करून सायबर सुरक्षेकडे वळा. वाणिज्य शाखेतल्यांना माहिती यंत्रणांच्या लेखापरीक्षणाचा रस्ता आहे. पदवीनंतर डीएससीआय किंवा आयएपीपी या संस्थांची प्रमाणपत्रं उपयोगी पडतात.

पालकांना आग्रहाची विनंती

‘काही महिन्यांत डेटा प्रोटेक्शन ऑफिसर’ अशा जाहिरातींवर विसंबून मोठी फी भरू नका. कायद्यानुसार हे पद मोठ्या, महत्त्वाच्या ठरवलेल्या संस्थांत असतं आणि तो अधिकारी थेट संचालक मंडळाला उत्तरदायी असतो. तिथे पोहोचायला अनेक वर्षांचा अनुभव लागतो. सुरुवात विश्लेषक किंवा साहाय्यक म्हणूनच होते.

आधी पदवी पक्की होऊ द्या. पदवीचं दुसरं वर्ष संपेपर्यंत मुलांना इंटर्नशिप शोधायला लावा. मूळ कायदा स्वतः वाचायला सांगा, तो फार मोठा नाही. तो वाचताना ज्या विद्यार्थ्याला प्रश्न पडत जातील, त्याने हे क्षेत्र निःशंकपणे निवडावं.