विजेची नळी कशी तोडावी?

गेल्या पावसाळ्यात बारडोलीतील आमच्या एका परिचितांच्या घरी एक प्रसंग घडला. त्यांच्या स्वयंपाकघरात छतापासून बटणांच्या फळीपर्यंत उतरलेली एक जुनी लोखंडी नळी आहे. घरातील आजींनी भांडी विसळता विसळता ओला हात सहज त्या नळीला टेकला आणि ‘अगं बाई!’ म्हणून झटकन मागे घेतला. कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या होत्या. पायांत रबरी सपाता होत्या, म्हणून एवढ्यावरच निभावले.

वायरमन आला. त्याने मुख्य बटण बंद केले, वीज खरोखरच गेली आहे हे तपासले आणि नळीतील वायरी ओढून काढल्या. तांबड्या वायरीवर वीतभर लांबीचा एक सरळ ओरखडा होता व त्याच्या एका टोकाशी आतील तांबे उघडे पडले होते. मग त्याने नळीच्या तोंडातून एक चिंधी फिरवली. चिंधी अडकली. तेथे आतल्या कडेला, नखाच्या कोरीएवढे, लोखंडाचे एक कुसळ वळून राहिले होते. नळी कापणाऱ्याने करवतीने ती कापली, परंतु कापलेली कड घासून काढण्याचे दोन मिनिटांचे काम त्याने केले नव्हते. वायर ओढली गेली तेव्हा या कुसळाने तिची साल सोलली, आणि कित्येक वर्षांनी, भिंतीत ओल मुरल्यावर, ती चूक आजींच्या हातास लागली.

विद्यार्थी मित्रहो, विजेविषयी लिहू लागले म्हणजे मोठमोठ्या गोष्टी प्रथम आठवतात. आपल्या शेजारीच तापी नदीवर उकाईचे जलविद्युत्केंद्र आहे, काक्रापारचे अणुविद्युत्केंद्र आहे. परंतु वीज घरात शिरल्यावर ज्या बोटभर जाडीच्या नळीतून फिरते, त्या नळीच्या तोंडाकडे फारसे कोणी पाहत नाही. आज आम्हांला त्या तोंडाविषयीच लिहावयाचे आहे.

या नळीस आपल्याकडील कारागीर ‘कंड्युट’ किंवा नुसते ‘पाईप’ म्हणतात. वायरीला उंदीर, खिळा, ओल आणि धक्का यांपासून सांभाळणे हे तिचे काम. भारतीय मानकांप्रमाणे ती १६, २०, २५, ३२ मिलिमीटर अशा बाह्य व्यासांत मिळते. पूर्वी ती लोखंडाची असे. आता बहुतेक घरांत पी.व्ही.सी.ची घालतात. तिच्यातून जाणाऱ्या वायरीवरील निरोधक आवरण दिव्यापंख्याच्या वायरीत एक मिलिमीटरहूनही पातळ असते. २३० व्होल्टचा दाब आणि आपला हात यांच्यामध्ये एवढाच पडदा! तो फाटला आणि नळी लोखंडी असली, तर सारी नळीच जिवंत तार होते. नळी जमिनीशी, म्हणजे अर्थिंगशी, नीट जोडलेली असेल तर फ्यूज उडून धोका टळतो. आमच्या परिचितांच्या घरी ती जोडणीही गंजून तुटली होती.

येथे कोणी म्हणेल, की माणसास धक्का बसला तर फ्यूज उडेलच की. नाही उडणार. ५ अँपिअरच्या फ्यूजला वितळण्यास ५ अँपिअरहून अधिक प्रवाह लागतो. माणसाच्या प्राणावर बेतण्यास त्याचा शंभरावा भागही पुरतो. म्हणून हल्ली घरांत बसवतात ते गळती ओळखून वीज तोडणारे साधन, ज्यास बाजारात आर.सी.सी.बी. म्हणतात, ते ३० मिलिअँपिअरच्या गळतीस वीज तोडते. ५ अँपिअर म्हणजे या प्रवाहाच्या सुमारे १६६ पट. हे साधन प्रत्येक घरात असावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. पण त्याच्या भरवशावर कुसळे ठेवावीत, असे मात्र नाही.

आता नळी स्वच्छ तुटावी कशी? याचे उत्तर बारडोलीच्या मुलांना लहानपणापासून ठाऊक आहे. फक्त ते उत्तर आहे हे त्यांना ठाऊक नाही. हा प्रदेश एकेकाळी कापसाचा. काक्रापारच्या कालव्यांचे पाणी आले, १९५५ साली बाबेन येथे सहकारी साखर कारखाना स्थापन झाला आणि शिवारे उसाने भरली. दरवर्षी हंगामात डांगातून व खानदेशातून, म्हणजे धुळे-नंदुरबारकडून, तोडणीची कुटुंबे कोयते घेऊन येथे उतरतात. त्यांच्या मुलांना ऊस तोडून खाताना पाहावे. नुसता गुडघ्यावर वाकवला तर ऊस हवा तेथे मोडत नाही. एकतर पेराशी मोडतो, नाहीतर लांबच लांब चिरफळतो आणि सालीची धार ओठ कापते. म्हणून ती मुले जेथे तोडावयाचा तेथे कोयत्याच्या टोकाने सालीवर सभोवार एक रेघ मारतात आणि मग गुडघ्यावर टेकवून कट्कन मोडतात. दोन्ही तुकडे सपाट! काचवाला काचेवर, फरशीवाला फरशीवर हेच करतो. आधी रेघ, मग मोड.

रेघेत एवढे सामर्थ्य कोठून येते? एखादी वस्तू ओढली किंवा वाकवली, की तिच्या अंगातून ताण पसरतो. वाटेत खाच आली तर तिला वळसा घालताना तो ताण खाचेच्या टोकाशी दाटतो. पुलाखाली अरुंद जागी पुराचे पाणी दाटावे तसा. १९१३ साली चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने याचे गणित मांडले. पत्र्यात गोल भोक असेल तर त्याच्या कडेशी ताण तिप्पट होतो. तेच भोक लांबट असून ताणाच्या दिशेस आडवे असेल, आणि रुंदीच्या दहापट लांब असेल, तर त्याच्या टोकाशी ताण एकवीसपट होतो. पुढे ए. ए. ग्रिफिथ याने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात काचेवरील प्रयोगांनी दाखवले, की काच हिशेबाने जेवढी बळकट असावयास हवी तेवढी प्रत्यक्षात नसते, याचे कारण तिच्या अंगावरील डोळ्यांस न दिसणाऱ्या बारीक चिरा. काचवाल्याचा हिरा अशी एक चीर त्याला हवी तेथे पाडतो, इतकेच.

नळीसाठी हीच युक्ती करणारे हत्यार साधे असते. वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांजवळ तांब्याच्या नळ्या कापण्याचा छोटा कटर असतो, तो तुम्ही पाहिला असेल. त्याच्या एका जबड्यात धारदार पोलादी चाक आणि समोर दोन गुळगुळीत रूळ असतात. मागील मूठ पिळली की चाक नळीवर दाबले जाते. मग कटर नळीभोवती फिरवावयाचा. अमेरिकेत पातळ पोलादी नळीसाठी पकडीच्या आकाराचे असेच चाकाचे हत्यार वापरतात. तेथील अर्ध्या इंची पातळ नळीची भिंत एक मिलिमीटरहून किंचितच जाड असते. चाक पुनःपुन्हा पिळून नळी आरपारही कापता येते, पण तसे केल्याने चाक शेवटी धातू आत ढकलते आणि आतल्या बाजूस एक वळी उभी राहते; म्हणजे टाळावयाचे तेच पदरात पडते. म्हणून भिंतीच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंतच खाच पाडावी आणि उरलेले मोडून घ्यावे. जो भाग ताणाने तुटला त्याला चाकाने आत ढकललेले नसते.

आम्ही शाळेच्या कार्यशाळेत काही विद्यार्थ्यांसह हा प्रयोग करून पाहिला. पहिला तुकडा फुकट गेला. २० मिलिमीटरच्या नळीचा परिघ सुमारे ६३ मिलिमीटर. चाक तेवढा प्रवास करून आपल्याच आरंभबिंदूवर परत आले पाहिजे. आमच्या विद्यार्थ्याने उत्साहाच्या भरात पहिल्याच फेरीस मूठ जोराने पिळली, कटर तिरपा झाला आणि खाच वेलीसारखी सरकत गेली. दोन खाचा पडल्या आणि नळी दोहोंच्या मध्ये वेडीवाकडी फाटली. दुसऱ्या वेळी मोजून खूण केली, तिच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून कडा जुळवल्या व पेन्सिलीने रेघ ओढली. पहिली फेरी अगदी हलक्या हाताने दिली, केवळ चाकास वाट सापडावी म्हणून. नंतर प्रत्येक फेरीस मूठ थोडीशीच पिळली. चार-पाच फेऱ्यांनंतर खाचेच्या दोन्ही बाजूंस सारख्या अंतरावर हात धरून नळी वाकवली. पोलाद काचेसारखे ठिसूळ नाही, ते तुटण्यापूर्वी लवते; म्हणून उरलेला पातळ पापुद्रा मागेपुढे दोन-तीनदा वाकवून थकवावा लागला. मग तो सुटला.

तरीही काम संपत नाही, हे आम्ही ठासून सांगतो. मोडलेल्या कडेवर पिसासारखी बारीक धार उरतेच. आतून रीमर किंवा गोल कानस फिरवून ती काढावी, बाहेरून सपाट कानस लावावी, नळी उभी धरून कीस झटकून टाकावा आणि लोखंडी नळीच्या तोंडावर बुश बसवावा. कापलेले प्रत्येक टोक घासून साफ केलेच पाहिजे, असे अमेरिकेच्या विद्युत्संहितेतही बजावले आहे.

ही युक्ती सर्वत्र चालते असे मात्र कोणी समजू नये. आपल्याकडील जाड लोखंडी नळीची भिंत १६ गेजची, म्हणजे सुमारे १.६ मिलिमीटर असते. ती हाताने मोडू पाहणे व्यर्थ. ती शेगड्यात आवळून बारीक दात्यांच्या करवतीने सरळ कापावी हे उत्तम. पी.व्ही.सी.ची नळी खाच पडली की चटकन तुटते, विशेषतः थंडीत. परंतु पुष्कळ कारागीर ती करवतीने एकाच बाजूने निम्मी कापतात आणि उरलेली ओढून मोडतात. ही रेघ-मोड नव्हे, हा आळस होय. असे तोंड जोडणीत पुरते बसत नाही, फटीतून स्लॅबचा ओला सिमेंटचा रस आत शिरतो, आणि पुढे त्या नळीतून वायर काही केल्या सरकत नाही. रेघ सभोवार हवी. आणि ज्या नळीत आधीच वायरी आहेत तिला, मुख्य बटण बंद करून तपासल्याखेरीज, कोणतेही हत्यार लावू नये. विद्यार्थ्यांनी तर घरच्या जिवंत जोडणीस हातच लावू नये. रिकाम्या नळीचे तुकडे शिकण्यास पुरेसे आहेत.

आमच्या परिचितांच्या घरी वायरमनने नळीचे ते तोंड दोन बोटे कापून टाकले, नवे तोंड घासले, नवी वायर ओढली आणि अर्थिंगची तार नव्याने जोडली. कापलेला तुकडा आम्ही मागून घेतला. तो आता शाळेच्या प्रयोगशाळेत खिडकीजवळील कपाटात ठेवला आहे. ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी कापसाचा एक बोळा काडीला गुंडाळून त्याच्या दोन्ही तोंडांतून फिरवावा. एका बाजूने कापूस जसाच्या तसा बाहेर येतो. दुसऱ्या बाजूने येताना त्याचे तंतू आत अडकून राहतात.