लढाई थांबवा, असे पत्र

नालासोपारा स्टेशनच्या पश्चिमेला जुने सोपारे गाव आहे. तिथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना दगडाचा एक तुकडा सापडला. त्यावर अक्षरे कोरलेली होती. वाचून पाहिले तर ती सम्राट अशोकाच्या लेखातली निघाली. पुढे १९५६ साली जवळच्या भुईगावला आणखी एक तुकडा मिळाला.

हा अशोक म्हणजे कलिंग देश लढून जिंकणारा राजा. मेलेल्या माणसांची गणती कळली तेव्हा त्याला पस्तावा झाला आणि तो त्याने खडकावर कोरून ठेवला. तो मजकूर आपल्या सोपाऱ्याच्या तुकड्यांवर नाही, गिरनारसारख्या दुसऱ्या ठिकाणी आहे. पण लिहिणारा राजा तोच.

राजाने प्रजेला लिहिले, आणि तेही लढाई होऊन गेल्यावर. आता उलटे पाहू. प्रजेने राजाला लढाईच्या आधीच लिहिले तर?

असे एक पत्र २३ जुलै १९३९ या तारखेचे आहे. त्यावर पत्ता वर्ध्याचा आहे. लिहिणारे होते महात्मा गांधी. जर्मनीचा सत्ताधीश हिटलर तेव्हा शेजारच्या देशांवर डोळा ठेवून होता. युरोपात लढाई पेटणार, असे सगळे म्हणत होते. मित्र गांधीजींना म्हणू लागले, तुम्ही त्याला लिहा. गांधीजींचे मन होईना. आपण कोण त्याला सांगणारे? त्यांच्याकडे कसली गादी नव्हती, हुद्दा नव्हता. १९३४ पासून ते काँग्रेसचे साधे सभासदही नव्हते. शेवटी त्यांनी लिहिलेच. पत्र लहान होते. हिटलरला त्यांनी मित्र म्हटले. लढाई टाळणे आज तुमच्याच हाती आहे, माणसाला जनावर करणारी किंमत मोजू नका, अशी विनवणी केली. लिहिण्यात चूक झाली असेल तर माफी करा, असेही म्हटले.

पत्र पोहोचले नाही. तेव्हा राज्य इंग्रजांचे होते. सरकारने ते पुढे जाऊच दिले नाही. १ सप्टेंबरला जर्मनीने पोलंडवर चाल केली आणि दुसरे महायुद्ध सुरू झाले. पोहोचले असते तर हिटलर थांबला असता का? मला तसे वाटत नाही. पण वाटेत पत्र अडवणाऱ्यांनी तेवढीही संधी ठेवली नाही.

त्या युद्धाच्या शेवटी, ऑगस्ट १९४५ मध्ये, हिरोशिमा आणि नागासाकी या जपानी शहरांवर अणुबाँब पडले. मग लोकांनी दुसरा मार्ग धरला, सह्यांचा. मार्च १९५० मध्ये स्वीडनच्या स्टॉकहोम शहरात एक आवाहन निघाले. अणुबाँबवर बंदी घाला. जे सरकार तो आधी टाकेल ते गुन्हेगार समजा. त्याखाली देशोदेशी कोट्यवधी सह्या झाल्याचे जाहीर झाले. या शांतता चळवळीत आपल्याकडचे दामोदर धर्मानंद कोसंबी होते. जन्म गोव्याचा, राहणे पुण्याला, गणिताचे काम मुंबईच्या टाटा संस्थेत. पण या चळवळीला रशियाचे पाठबळ होते. म्हणून पुष्कळांनी विचारले, तिकडच्या सह्या मनापासूनच्या किती आणि सांगून केलेल्या किती? विचारणे रास्तच होते. सही आपण समजून केली तरच ती आपली. नाहीतर तो नुसता शाईचा डाग.

मग पत्र द्यावे कुणाच्या दारी? १९४५ साली संयुक्त राष्ट्रसंघ निघाला. भारत त्याचा पहिल्यापासून सभासद आहे. भांडण लढाईवर जाण्याआधी बोलणी करा, मध्यस्थ घाला, कोर्टात जा, असे त्याच्या सनदेत लिहिले आहे. मात्र तिथे सरकारे बसतात. तुम्हीआम्ही जाऊन बसू शकत नाही. गावकीच्या बैठकीत घरटी एकच माणूस बोलतो ना, तसेच हे.

न्यूझीलंड देशात हॅरॉल्ड इव्हान्स नावाचे एक निवृत्त मॅजिस्ट्रेट होते. त्यांनी ही गोष्ट बरोबर ओळखली. परक्या राजाला न लिहिता त्यांनी आपल्याच देशाच्या आणि शेजारच्या ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांना लिहिले. अणुबाँब वापरणे कायद्यात बसते का, हे हेग येथील जागतिक न्यायालयाला विचारा, एवढीच मागणी. त्यांना डॉक्टर मिळाले, वकील मिळाले, देशोदेशीच्या लाखो लोकांच्या सह्या मिळाल्या. १९९४ मध्ये राष्ट्रसंघाच्या आमसभेने तो प्रश्न न्यायालयाकडे पाठवला. न्यूझीलंडने बाजूने मत दिले. ८ जुलै १९९६ रोजी न्यायालयाने मत सांगितले. अणुबाँबचा वापर सामान्यतः कायद्याविरुद्ध आहे. देशाच्या जिवावरच बेतले तर काय, हे मात्र न्यायाधीशांना ठामपणे सांगता आले नाही. अणुबाँब मोडीत काढण्याची बोलणी करून ती तडीस नेलीच पाहिजेत, यावर सगळ्यांचे एकमत झाले. बाँब अजून आहेत. न्यायालयाजवळ पोलीस नाहीत. पण वर्ध्याचे पत्र वाटेतच अडले, आणि हे न्यायाधीशांच्या मेजापर्यंत गेले.

तुम्हांला असे पत्र लिहायचे झाले तर ते पालघरच्या खासदारांना लिहा. आपले सरकार तिथे बसते, आणि सरकारला विचारण्याचे काम खासदाराचे. मराठीत लिहिले तरी चालते. वर तारीख घाला. मागणी एकच ठेवा, आणि ती पहिल्या दोन ओळींत येऊ द्या. मग नाव, गाव आणि सही. सह्या गोळा करायच्या असतील तर आधी पत्र मोठ्याने वाचून दाखवा, मगच कागद पुढे करा. ज्याला पटत नसेल त्याला आग्रह करू नका. एक नक्कल घरी ठेवा, आणि टपालाची पावती तिलाच टाचून ठेवा.