दंतवैद्यकीय व्यवसाय : मिळकत, खर्च आणि आपली मुले

बारावी विज्ञान शाखेचा निकाल लागला की चंदगड तालुक्यातील पालकांच्या मनात एक प्रश्न हमखास उभा राहतो : एमबीबीएसला गुण कमी पडले, तर मुलाला बीडीएसला घालावे काय? या प्रश्नाचा विचार आम्ही हिशेबाने करू इच्छितो, कारण चुकलेल्या निर्णयाचा भार अखेर काजूच्या बागेवर किंवा उसाच्या शेतावर पडतो.

बीडीएस म्हणजे चार वर्षांचा अभ्यासक्रम व एक वर्षाची आंतरवासिता. प्रवेश ‘नीट’च्या गुणांवर होतो. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय महाविद्यालयांचे शुल्क खासगी संस्थांच्या तुलनेत पुष्कळच कमी आहे. आपल्याला जवळची नवे पारगाव, सांगली व बेळगाव येथील महाविद्यालये खासगी आहेत. शिवाय बेळगावची महाविद्यालये महाराष्ट्राच्या राज्य प्रवेशप्रक्रियेबाहेर आहेत. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यास महाडीबीटीवरून भारत सरकार शिष्यवृत्ती मिळू शकते. त्यासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असावे लागते. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतूनच घ्यावा. व्यवस्थापन कोट्यातील जागा स्वीकारली, तर हा आधार सुटतो.

आता कर्जाचा विचार करू. दहा लाखांचे कर्ज 10 टक्के व्याजाने दहा वर्षांत फेडायचे, तर दरमहा सुमारे 13,200 रुपये हप्ता पडतो. शिक्षणकाळातील व्याज साचले, तर तो आणखी वाढतो. नवा दंतवैद्य बहुधा दुसऱ्याच्या दवाखान्यात अल्प वेतनावर किंवा टक्केवारीवर आरंभ करतो. स्वतःचा दवाखाना थाटायचा, तर खुर्ची, कॉम्प्रेसर, क्ष-किरण यंत्र, ऑटोक्लेव्ह ही सामग्री लागते; त्यावर भाडे, मदतनिसाचा पगार आणि कवळ्या व कॅप बनविणाऱ्या लॅबचे बिल. गल्ल्यात जमलेली रक्कम म्हणजे मिळकत नव्हे, हे प्रथमपासून ध्यानी असावे. जम बसण्यास काही वर्षे जातात.

पुढे तीन वर्षांचे एमडीएस केल्यास वाटा रुंदावतात. दात सरळ करणारा किंवा जबड्याची शस्त्रक्रिया करणारा तज्ज्ञ आठवड्यात अनेक दवाखान्यांना भेटी देऊन काम करू शकतो. शासकीय रुग्णालये, सैन्याचा दंतवैद्यकीय विभाग व अध्यापन हेही मार्ग आहेत. परदेशात मात्र तेथील परवान्याची परीक्षा निराळी द्यावी लागते.

शहरांत दवाखान्यांची दाटी झाली आहे. खेड्यांत गरज अधिक आहे. आपल्याकडे मिश्री व तंबाखूचे व्यसन जुने आहे. तोंडातील पांढरा वा लाल चट्टा, कमी होत चाललेला तोंडाचा उघाड ही कर्करोगाची पूर्वसूचना असू शकते आणि ती बहुधा प्रथम दंतवैद्यालाच दिसते. वेळेवर ओळखलेली अशी एक खूण एखादे घर वाचवते.

म्हणून केवळ ‘डॉक्टर’ या उपाधीसाठी ही वाट धरू नये. हाताचे कसब, चिकाटी आणि सावकाश वाढणाऱ्या मिळकतीची तयारी असेल, तर ती अवश्य धरावी. जे माजी विद्यार्थी या व्यवसायात आहेत, त्यांनी दहावी-बारावीच्या मुलांना एक दिवस आपल्या दवाखान्यात बसू द्यावे व जमाखर्चाची वही मोकळेपणाने दाखवावी, एवढी आमची विनंती आहे.