गोदामाच्या आवारातील हरळी : काय मारते, काय मारत नाही

यंत्रमाग, रंगाई किंवा गोदाम ज्यांचे आहे त्या बांधवांना पावसाळ्यानंतर गवत काढण्याचा खर्च दरवर्षी येतो. मजूर खुरपे चालवतो, मजुरी घेतो आणि महिन्याभरात आवार पुन्हा हिरवे. भिंतीलगतच्या गवताने ओल टिकते. उन्हाळ्यात तेच वाळले की गाठींजवळ आगीची धास्ती. म्हणून हा विषय केवळ बागेच्या शौकिनांचा नाही.

आपल्याकडे आवारात बहुधा हरळी असते. तिचा जीव पानात नसून जमिनीखालच्या कांड्यांत असतो. कांडीचा तुकडा राहिला तरी नवा कोंब फुटतो. त्यामुळे कापणे, जाळणे, शेळ्या सोडणे, उकळते पाणी ओतणे यांनी वरचे पान जाते, हरळी जात नाही. सिरक्याचेही तसेच. उन्हाळ्यात ती मेल्यासारखी दिसते. पहिल्या पावसात खरे काय ते कळते.

मीठ टाकण्याचा सल्ला आम्ही नेहमी ऐकतो. हरळी बऱ्यापैकी खार सोसते. तिला मारण्याइतके मीठ टाकाल तर ते पायथ्याच्या भिंतीत शिरून लोणा फुटेल, शटर गंजेल. रॉकेल-डिझेल तर गोदामाजवळ नकोच. रंगाईवाल्यांनी ब्लीचिंग पावडर आणि आम्ल (सिरकाही त्यातच आला) एकत्र ओतण्याचा उद्योग मुळीच करू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, गवताआधी माणूस गुदमरेल.

दुकानात 'तणनाशक' म्हणून मागितले की अनेकदा २,४-डी हाती येते. हे रुंद पानांच्या तणांचे औषध आहे, गवताला ते सोडून देते. हिरवळ राखणारे लोक ते याच कारणाने वापरतात. शिवाय कपाशीला ते फार लागते. वाऱ्याने थोडे उडून गेले तरी शेजारच्या कपाशीची पाने आकसतात. कापडाच्या धंद्यातल्या माणसाने हे तरी ध्यानात ठेवावे.

मुळापर्यंत जाणारे औषध म्हणजे ग्लायफोसेट. ते पानातून शिरून कांडीपर्यंत उतरते, म्हणून गवत हिरवे आणि वाढते हवे. नुकतेच कापलेले किंवा वाळलेले असेल तर पैसा वाया. पाणी स्वच्छ हवे, कारण गढूळ पाण्यातली माती औषधाला धरून ठेवते. फवारल्यावर काही तास पाऊस नको. पिवळेपणा यायला आठवडा लागतो, तेव्हा दुसऱ्याच दिवशी दुकानदाराशी भांडायला जाऊ नये. हरळीला बहुधा दुसरा हात द्यावा लागतो. केंद्र सरकारच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेत ते कीडनियंत्रण करणाऱ्यांमार्फतच वापरावे असे म्हटले आहे. काम त्यांच्याकडूनच करून घ्यावे. पॅराक्वाटचा डबा मात्र आवारात आणूच नये. ते पोटात गेल्यास उतारा नाही, आणि हरळीचे वरचे पान तेवढे जळते.

औषध नको असेल त्यांच्यासाठी सावली आहे. हरळीला ऊन लागते. जाड काळी ताडपत्री कडा दाबून दोन-तीन महिने न हलवता ठेवावी. आठ दिवसांत उचलून पाहिली तर पिवळी पडलेली हरळी पुन्हा सावरते.