उष्ण झऱ्यांची ऊब शेतीच्या कामी

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने देशातील ३०० हून अधिक उष्ण झऱ्यांची नोंद केली आहे. भूऔष्णिक ऊर्जेचा विषय निघाला की चर्चा लडाखमधील पुगा खोऱ्याकडे आणि तेथील नियोजित वीजप्रकल्पाकडे वळते. परंतु बहुतेक झऱ्यांचे पाणी तेथल्याइतके तप्त नसते, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने वीज हा त्यांचा सर्वोत्तम उपयोगही नव्हे.

६० अंश सेल्सिअसच्या पाण्यापासून वीज निर्माण करावयाची, तर भोवतालचे तापमान ३० अंश धरता सैद्धांतिक कार्यक्षमताच ९ टक्क्यांवर थांबते. प्रत्यक्षात ती बरीच कमी भरते. याउलट सेकंदाला १ लिटर वाहणारे हेच पाणी ४० अंशांपर्यंत निवू दिल्यास सुमारे ८४ किलोवॉट उष्णता थेट हाती येते. वाळवणी यंत्रात यातील निम्मी वाया गेली, तरी तत्त्वतः तासाला ६० किलोच्या आसपास पाणी मालातून काढता येईल.

केनियात नैवाशा सरोवराकाठच्या ओसेरियन येथे भूऔष्णिक विहिरीच्या उष्णतेने गुलाबाची हरितगृहे तापवली जातात. तेथे थंडीपेक्षा पहाटेची आर्द्रता अधिक घातक असते. हवा थोडी तापताच सापेक्ष आर्द्रता उतरते, पाने कोरडी राहतात आणि बुरशीनाशकाची गरज घटते.

कोकणात निकड आहे ती वाळवणीची. कोकमाची काढणी लांबली की पाऊस गाठतो आणि उन्हावर टाकलेली आमसुले बुरसतात. उन्हवरे, तुरळ येथील झरे मात्र ढगाळ दिवसांतही गरमच असतात.

येथे एक पथ्य कटाक्षाने पाळावे : उष्णता घ्यावी, पाणी घेऊ नये. कोकणातील उष्ण झऱ्यांच्या पाण्यात सोडियम व क्लोराईड पुष्कळ असते. पुग्याच्या पाण्यात बोरॉन असते, जे अल्प मात्रेतही पिकांना बाधते. असे पाणी निवल्यावर सिंचनास सोडण्याचा मोह होतो, पण त्याने जमीन बिघडते. म्हणून झऱ्याचे पाणी हीट एक्स्चेंजरच्या एका बाजूने फिरवावे आणि दुसऱ्या बाजूने स्वच्छ पाणी वा हवा तापवावी. क्षार साचत असल्याने नळ्या उघडून साफ करता येतील अशी रचना निवडावी.

विस्तार कार्यकर्त्यांनी प्रथम उन्हाळ्याअखेर झऱ्याचे तापमान व प्रवाह मोजावा आणि पाण्याचे रासायनिक पृथक्करण करून घ्यावे. बहुतेक कुंडे देवस्थानांची आहेत. स्नानाचे पाणी कमी होणार नाही, याची खात्री ग्रामस्थांना पटल्यावाचून नळ टाकू नये.