मूठ ओली असताना

माझ्या उजव्या तर्जनीवर एक आडवी पांढरी खूण आहे. चार टाक्यांची. ती मी स्वतःच्या हौसेनं विकत घेतली, तीही घासाघीस करून.

माहेर रत्नागिरीचं, त्यामुळे मासा कापायचा तो खाली बसून, विळीवर. सुरतेत उधन्याला बिऱ्हाड केलं तेव्हा ओटा मिळाला, काम उभ्यानं सुरू झालं आणि विळी माळ्यावर गेली. मग एका प्रदर्शनातून सुरी आणली. जाड पातं, पाठीवर करवतीचे दात, पॉलिश केलेली गुळगुळीत लाकडी मूठ. सिनेमातल्या डाकूच्या कमरेला शोभावी अशी. विकणारा म्हणाला, "शिकारीची आहे ताई, हाडं सोडवा नाहीतर मासे सोला."

तिथंच मी थबकायला हवं होतं. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे. आपल्या ओट्यावर शिकार येतेय कुठून? हाडं सोडवायची ती फार तर बोकडाच्या मांडीची. त्याला पाच-सहा इंचांचं, अरुंद, टोकदार पण ताठ पातं लागतं, कारण सांध्यात टोक खुपसून फिरवायचं असतं. माशाला नेमकं उलट. सहा ते आठ इंचांचं पातळ पातं, कण्यावर टेकवलं की वाकून त्याच्या कलानं सरकणारं. दोन्ही कामं सारखीच करणारी सुरी मला तरी अजून भेटलेली नाही.

पहिलाच मासा रावस. कल्ल्यामागे काप दिला, पातं कण्यालगत आडवं घातलं. ते वाकेना, मांसातच घुसत गेलं. मी जोर दिला. माशाच्या चिकट पाण्यानं ओली झालेली मूठ हातात फिरली. मूठ आणि पात्यामध्ये अडसर नव्हताच, बोट सरळ धारेवर गेलं. धनुर्वाताचं इंजेक्शन, चार टाके, आणि रावसाची भुर्जी. (ती घरच्यांनी आवडीनं खाल्ली, हे जास्त लागलं.)

बोट बरं झाल्यावर तीच सुरी पिशवीत घालून नेहमीच्या मासळीवाल्या मावशींना दाखवली. त्यांनी ती उलटसुलट केली. "बेन, आ तो शोकेसमां सारी." त्यांची स्वतःची सुरी धार लावून लावून बोटभर रुंद उरलेली, मुठीला सुतळी गुंडाळलेली. सुतळी कशाला, हे मला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

तेव्हापासून दुकानात गेले की मी आधी हात ओला करून मूठ धरते. दुकानदार बघत राहतो, बघू दे. खरखरीत प्लास्टिक किंवा रबरासारखी मूठ चांगली. लाकूड माशाचा वास धरून ठेवतं आणि फुगतं. पातं मुठीत किती आत गेलंय ते विचारा. टोक फळीवर अलगद दाबा, पातं कमानीसारखं वाकून परत सरळ व्हायला हवं. पोलादाच्या कडकपणाची मोजणी रॉकवेल मापावर होते. 55 ते 58 च्या आसपासचं स्टेनलेस घरी पुरतं. साठच्या वरचं जपानी पातं धार छान धरतं, पण काट्यावर आपटलं तर त्याचा टवका उडतो. साधं लोखंडी पातं झटकन धार घेतं, मात्र मीठ-लिंबू लागलं आणि पुसायचं राहिलं की सकाळी गंज हजर.

सगळ्या माशांना अशीच सुरी हवी असंही नाही. बोंबील चिरून मधला काटा काढायला छोटी पातळ सुरी पुरे, पुढचं काम वर ठेवलेलं वजन करतं. सुरमईच्या तुकड्या करायच्या तर जड सुरा. आणि पावसाळ्यात भरूचकडून, नर्मदेतून पाला येतो, बंगाल्यांची इलिश तीच. तिच्यात इतके बारीक काटे की ते सोडवत बसणं म्हणजे रांगोळीचे कण वेचणं. त्या दिवशी विळी माळ्यावरून खाली येते.

धारेचं मात्र मी कुणावर सोपवत नाही. दारावर येणाऱ्या धारवाल्याच्या चाकावर पातळ पातं तापतं आणि त्याचं पाणी उतरतं. मग आठवड्याला धार जाते, आणि बोथट पात्याला पुन्हा जोर द्यावा लागतो. त्यापेक्षा हजार नंबरचा दगड, वर पाणी, पातं साधारण पंधरा-वीस अंशांत कललेलं, दोन्ही बाजूंना सारखे हात. तर्जनी पात्याच्या पाठीवर ठेवायची असते. माझी अजूनही तिथं जायला जरा नाखूषच असते.