परसबागेतील भाजीपाल्यावरील लाल कोळीचे नियंत्रण

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर परिसरात परसबागेत किंवा गच्चीवरील कुंड्यांत लावलेल्या भेंडी, वांगी व वालावर फेब्रुवारी ते मे या उष्ण, कोरड्या काळात लाल कोळीचा प्रादुर्भाव वाढतो.

कोळी हा कीटक नव्हे. त्याला आठ पाय असतात. तो पानाच्या खालच्या बाजूस राहून रस शोषतो. पानांवर प्रथम पांढरट-पिवळे ठिपके पडतात, नंतर बारीक जाळी दिसते व पाने वाळतात. पान पांढऱ्या कागदावर झटकावे; ठिपके चालू लागल्यास कोळी समजावा.

कीड दिसताच घाईने सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील कीटकनाशक फवारू नये. त्यामुळे कोळी खाणारे मित्रकीटक मरतात व कोळी उलट वाढतो.

उपाय :
1. जाळी धरलेली पाने तोडून नष्ट करावीत.
2. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारावा.
3. निंबोळी पावडर 50 ग्रॅम 1 लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारावी. अंड्यांतून नवी पिढी निघते. म्हणून आठवड्याने पुन्हा फवारणी करावी.
4. तरीही न आटोपल्यास पाण्यात मिसळणारे गंधक 2 ग्रॅम प्रति लिटर फवारावे. मात्र भर उन्हात व काकडीवर्गीय वेलींवर ते टाळावे.

भाजी धुऊनच वापरावी.